डांबरीकरणाचे यंत्र व त्याची विद्युत नियंत्रणे : दोष शोधावा कसा?

ग्रामीण भागाच्या विकासाचा विचार करताना पाणी, वीज, शाळा व दवाखाना यांच्या जोडीने रस्त्याचे नाव घेतले जाते. बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमाभागात तर रस्त्याचे महत्त्व विशेषच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन हे जिल्हे तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. परंतु बाजारहाट, सोयरिक, शिक्षण व तीर्थयात्रा यांनिमित्त उमरगा, निलंगा, उदगीर, देवणी आणि अक्कलकोट या भागांशी त्यांचे जाणेयेणे अखंड चालू राहिले. पुण्याहून सोलापूर, उमरगा, हुमनाबादमार्गे हैदराबादकडे जाणारा पूर्वीचा ९ क्रमांकाचा व आताचा ६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि नांदेड, उदगीर, बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी असा जाणारा ५० क्रमांकाचा महामार्ग या दोहोंची भेट हुमनाबाद येथे होते. या दोन मोठ्या वाटांना भालकी, बसवकल्याण, औराद, कमलनगर, आळंद या परिसरातील शेकडो लहान रस्ते येऊन मिळतात.

हे रस्ते पूर्वी मजुरांच्या हातांनी होत. पाट्यांनी खडी टाकावी, झारीने डांबर शिंपडावे व वरून रोलर फिरवावा, अशी ती पद्धत होती. आता महत्त्वाच्या रस्त्यांवर 'पेव्हर' नावाचे यंत्र गरम डांबरमिश्रित खडी ठराविक जाडीत व ठराविक उतारात अंथरते. या यंत्राची जाडी, पातळी व उतार राखण्याचे काम विद्युत व इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे करतात. ती नीट चालली तर रस्ता सपाट होतो. बिघडली आणि बिघाडाकडे दुर्लक्ष झाले, तर त्या बिघाडाची नोंद रस्त्यावरच लाटांच्या व खळग्यांच्या रूपाने उमटते आणि पुढील कित्येक वर्षे लोकांना ती सोसावी लागते. म्हणून या नियंत्रणांचे कार्य काय, त्यांत दोष कोणते संभवतात आणि ते कोणत्या क्रमाने शोधावेत, याची ओळख ग्रामस्थ, क्षेत्रीय अधिकारी व शिक्षक यांना करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

सपाटीचा आग्रह कशासाठी?

आपल्या देशात रस्त्यांचा शास्त्रशुद्ध विचार सुरू झाला तो बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या समितीपासून. त्या समितीच्या शिफारशींतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था अस्तित्वात आली. आज केंद्रीय रस्ते मंत्रालयाने रस्ते व पूल यांच्या कामांसाठी घालून दिलेल्या मानकांनुसार (पाचवी सुधारित आवृत्ती, २०१३) डांबरी थराची पातळी ठरविलेल्या पातळीपेक्षा ६ मिलिमीटरहून अधिक वर वा खाली असता कामा नये. सहा मिलिमीटर म्हणजे हाताच्या करंगळीच्या जाडीपेक्षाही कमी. एवढी सूक्ष्मता केवळ नजरेने व हाताने राखणे अत्यंत अवघड असते.

हा आग्रह केवळ प्रवाशाच्या सुखासाठी नाही. या भागातील जमिनीचा मोठा हिस्सा काळ्या कापसाच्या मातीचा आहे. ही माती पाणी मिळाले की फुगते व वाळली की भेगाळते. रस्त्याच्या पृष्ठावर खळगा राहिला की त्यात पाणी साचते, ते थरातून खाली झिरपते, खालची माती फुगते आणि डांबरी थर फुटतो. त्यात उसाने भरलेल्या ट्रॉल्या आणि तुरीची पोती वाहणारे ट्रक यांची वर्दळ. पाणी वेळच्या वेळी बाजूला वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला साधारणतः २ ते २.५ टक्के आडवा उतार देतात. ३.५ मीटर रुंदीच्या पट्ट्यावर २.५ टक्के उतार म्हणजे एका कडेपेक्षा दुसरी कड सुमारे ८.७५ सेंटिमीटर खाली. उतार मोजणारे उपकरण केवळ अर्ध्या टक्क्याने चुकले, तरी कडेच्या पातळीत १७.५ मिलिमीटरचा फरक पडतो. हा फरक मान्य मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होय.

यंत्राची रचना

पेव्हर यंत्राच्या पुढील बाजूस एक मोठा हौद असतो. टिपर मागे येऊन त्यात गरम मिश्रण ओततो. हौदाच्या तळाशी असलेले साखळीचे वाहक पट्टे ते मिश्रण मागे नेतात. तेथे 'ऑगर' नावाची मळसूत्राच्या आकाराची दोन पाती फिरत असतात. ती मिश्रण डावीकडे व उजवीकडे सारख्या प्रमाणात पसरवितात. त्यांच्या मागे तापविलेल्या पोलादी तळाचा जड भाग असतो, त्यास 'स्क्रीड' म्हणतात. मिश्रणाला जाडी व आकार देणारा भाग तो हाच.

स्क्रीड हा यंत्राला घट्ट जखडलेला नसतो, ही गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. दोन लांब भुजांनी तो यंत्रामागे ओढला जातो आणि मिश्रणावर जणू तरंगत असतो. भुजांची पुढील टोके तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दोन सिलिंडरांनी वर-खाली करता येतात. टोक वर उचलले की स्क्रीडचा कोन बदलतो व तो हळूहळू वर चढतो. टोक खाली केले की तो हळूहळू उतरतो. येथे 'हळूहळू' या शब्दाला महत्त्व आहे. भुजेच्या लांबीइतके अंतर यंत्र पुढे गेले म्हणजे अपेक्षित बदलापैकी सुमारे ६३ टक्के बदल घडतो आणि तो पूर्ण होण्यास भुजेच्या सुमारे पाचपट अंतर लागते. अधीर चालकाने बदल दिसत नाही म्हणून पुनःपुन्हा कळ फिरविली, तर रस्त्यावर लाटा उठतात त्या यामुळेच.

या रचनेस तीन प्रकारची विद्युत नियंत्रणे जोडलेली असतात. पहिला प्रकार सेन्सरांचा. एक सेन्सर कडेला ताणलेल्या तारेवरून, आधीच्या थरावरून अथवा लांब तुळईवरून पातळी घेतो. दुसरा आडवा उतार मोजतो. ऑगरपाशी असलेले सेन्सर मिश्रणाची उंची पाहतात. दुसरा प्रकार नियंत्रकाचा. सेन्सरने कळविलेले माप आणि चालकाने ठरवून दिलेले माप यांची तो सतत तुलना करतो व फरक आढळताच आज्ञा देतो. तिसरा प्रकार विद्युत झडपांचा. त्यांतील तारेच्या वेटोळ्यातून वीज वाहिली की झडप उघडते, तेल सिलिंडरात जाते व भुजेचे टोक हलते. माप, तुलना व कृती यांपैकी एक कडी तुटली की पुढचे काम बिघडते. आणि दोष शोधणे म्हणजे कोणती कडी तुटली ते ठरविणे होय.

सीमाभागातील विशेष अडचणी

ही यंत्रे अन्यत्रही बिघडतात. तथापि या भागात काही कारणे विशेष जाणवतात. पहिले कारण उन्हाळ्याचे. डांबरीकरणाचा भर हंगाम फेब्रुवारी ते मे असा असतो आणि याच काळात कलबुर्गी परिसरात पारा चाळिशीच्या पुढे जातो. पातळी मोजणारे अनेक सेन्सर ध्वनीच्या प्रतिध्वनीवर चालतात. ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअस तापमानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांत सुमारे ३५५ मीटर असतो. उष्ण हवेत प्रतिध्वनी लवकर परततो आणि पृष्ठभाग आहे त्याहून जवळ आहे अशी सेन्सरची समजूत होते. ३५ सेंटिमीटर अंतरावर ही चूक सुमारे १२ मिलिमीटर भरते. तिच्यावर उपाय म्हणून अशा सेन्सराखाली ठराविक अंतरावर एक बारीक दांडी बसविलेली असते. तिच्या प्रतिध्वनीवरून सेन्सर हवेचा हिशेब करून घेतो. ही दांडी वाकली, हरवली अथवा डांबराने माखली, तर सेन्सर निर्दोष असूनही माप खोटे येते.

दुसरे कारण धुळीचे व पाण्याचे. काळ्या मातीची धूळ बारीक असते. ती जोडण्यांच्या आत शिरते. संध्याकाळी काम संपल्यावर यंत्र जोराच्या पाण्याने धुण्याची पद्धत आहे. ते पाणी कनेक्टरच्या आत जाऊन पितळी पिनांवर हिरवा गंज धरतो. स्क्रीड व ऑगर डिझेलने पुसताना तेच डिझेल तारांच्या रबरी आवरणावर उडते व आवरण मऊ पडून फुटते.

तिसरे कारण पावसाळ्याचे. जून ते सप्टेंबर यंत्रे बहुधा उभीच असतात. तेवढ्या काळात बॅटऱ्या उतरतात, पेट्यांमध्ये ओल धरते आणि उंदीर तारा कुरतडतात. दसऱ्यानंतर यंत्र सुरू करताच नाना प्रकारचे दोष एकदम दिसू लागतात ते यामुळे.

चौथे कारण अंतराचे. कंपनीचा तंत्रज्ञ पुण्याहून अथवा हैदराबादहून यावयाचा, म्हणजे किमान अर्धा दिवस गेला. इकडे मिश्रण तर थांबत नाही. नेहमीच्या वापरातील व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचे मिश्रण अंथरताना किमान १४० अंश आणि रोलरने दाबताना किमान ९० अंश तापमानाचे असावे लागते. टिपरांची रांग उभी, मिश्रण निवत चाललेले आणि यंत्र बंद, अशा वेळी 'सेन्सर काढून टाका आणि हाताने चालवा' असे म्हणण्याचा मोह होतो. त्या दिवसाचे काम त्याने भागते. परंतु त्याची किंमत पुढे गावकऱ्यांना मोजावी लागते.

भाषेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. एकाच कामावर चालक कन्नड बोलणारा, मदतनीस मराठी, मिस्त्री दखनी उर्दू बोलणारा आणि यंत्राची पुस्तिका इंग्रजीत, असे चित्र या भागात सर्रास दिसते. 'करंट येत नाही' एवढ्या एकाच वाक्यात बॅटरी उतरण्यापासून सेन्सर निकामी होण्यापर्यंतचे सर्व दोष कोंबले जातात. लक्षण नेमक्या शब्दांत सांगण्याची सवय लावणे, ही दोषशोधाची पहिली पायरी आहे.

दोषशोधाचा क्रम

अनुभवी तंत्रज्ञ नियंत्रकाच्या पेटीला शेवटी हात लावतात. कारण 'इलेक्ट्रॉनिक बिघाड' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दोषांपैकी पुष्कळसे दोष सैल तार, गंजलेली पिन, उतरलेली बॅटरी अथवा मळलेला सेन्सर यांतून निघतात. यासाठी सोप्यापासून अवघडाकडे, असा क्रम ठेवावा.

१. सुरक्षितता. प्रथम इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. स्क्रीड वर उचललेला असल्यास त्याच्या कुलूप-खिळ्या घातल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. ऑगर व साखळीच्या पट्ट्यात हात घालू नये. स्क्रीड तापविण्यासाठी गॅस वापरला जात असेल, तर गळतीचा वास नाही याची खात्री करावी. चाचणीसाठी इंजिन चालू करणे भाग पडल्यास एकाच माणसाने आज्ञा द्यावी व इतरांनी दूर उभे राहावे.

२. निरीक्षण. यंत्र काय करीत नाही, हे पाहावे. आणि काय करीत आहे, हेही पाहावे. दिवे लागतात पण इंजिन सुरू होत नाही, इंजिन चालते पण ऑगर फिरत नाही, फक्त डावी बाजू हलत नाही, हे तीन अगदी वेगळे दोष होत. तातडीने थांबविण्याचे लाल बटण दाबलेलेच राहिले आहे काय, गतीची कळ मध्यस्थितीत आहे काय, स्वयंचलित व हाताने चालविण्याचा निवडक कोठे आहे, हे आधी तपासावे. या तिन्ही गोष्टींसाठी एक पैही लागत नाही.

३. वीजपुरवठा. या यंत्रांत बहुधा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळविलेले असतात. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेल्या जोडीचा दाब सुमारे २५ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारणतः २७ ते २८.५ व्होल्ट असावा. चालू इंजिनावरही तो २५ च्या खालीच राहत असेल, तर वीज निर्माण करणारा अल्टरनेटर, त्याचा पट्टा अथवा जोडण्या तपासाव्यात. दाब कमी पडला की नियंत्रक वेडेवाकडे वागू लागतो व विनाकारण त्यालाच दोष दिला जातो.

४. फ्यूज व रिले. जळालेला फ्यूज बदलून त्याच क्षमतेचा घालावा. तो पुन्हा जळाला, तर पुढे कोठेतरी तार यंत्राच्या अंगाला चिकटली आहे असे समजावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे ही घराघरांतून आढळणारी वाईट सवय येथे अत्यंत महागात पडते. फ्यूज वाचतो आणि तारांचा संपूर्ण जुडगा जळतो.

५. अर्थिंग व जोडण्या. वीज जेवढ्या वाटेने जाते तेवढ्याच वाटेने तिला परत यावे लागते. परतीची वाट म्हणजे यंत्राच्या सांगाड्याशी केलेली जोडणी. तेथे रंग, गंज किंवा डांबर असल्यास अडथळा निर्माण होतो. शाळेत शिकविला जाणारा ओहमचा नियम येथे कामास येतो. इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीला ३०० ॲम्पिअर प्रवाह लागत असेल आणि बॅटरीच्या टोकावरील पांढऱ्या क्षारांमुळे केवळ ०.०१ ओहम रोध निर्माण झाला असेल, तर तेवढ्या जागेतच ३ व्होल्ट नाहीसे होतात. अशी जोडणी उघडून घासून घट्ट केली की 'बॅटरी गेली' म्हणून टाकून दिलेली बॅटरी पुन्हा काम देते. ही चाचणी करताना वीज वाहत असली पाहिजे, कारण प्रवाह नसताना खराब जोडणीवरही पूर्ण व्होल्ट दिसतात व फसगत होते.

६. विद्युत दोष की तेलाचा दोष? बहुतेक झडपांवर हाताने दाबण्याची खुंटी असते. ती दाबल्यावर सिलिंडर हलला, तर तेलाचा दाब व सिलिंडर ठीक आहेत आणि दोष विजेच्या बाजूला आहे. न हलल्यास तारा तपासण्यात वेळ घालवू नये.

७. डाव्या-उजव्याची अदलाबदल. पेव्हर यंत्राच्या डाव्या व उजव्या बाजू म्हणजे जुळी भावंडेच. डावीकडील सेन्सर उजवीकडे व उजवीकडील डावीकडे लावून पाहावा. दोष सेन्सराबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर सेन्सर सदोष; दोष जागच्या जागी राहिला, तर तार किंवा त्यापुढील भाग सदोष. नवीन भाग न मागविता अचूक निर्णय देणारी ही रीत आहे. मात्र अदलाबदल यंत्राची वीज बंद करूनच करावी आणि नंतर मापे पुन्हा जुळवून घ्यावीत.

८. संदेशवाहक तारा. अलीकडील यंत्रांत सेन्सर, नियंत्रक व चालकाचा फलक हे 'कॅन' नावाच्या दोन तारांच्या जाळ्यावरून परस्परांशी बोलतात. ही पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने मोटारींसाठी विकसित करून १९८६ मध्ये जाहीर केली. या जोडतारेच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोधक असतो. वीज पूर्ण बंद करून दोन तारांमधील रोध मोजल्यास तो सुमारे ६० ओहम यावा. १२० आल्यास एक टोक तुटले आहे आणि शून्याजवळ आल्यास दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. फलकावर एकाच वेळी अनेक दोषांचे आकडे झळकू लागले, तर दहा भाग एकदम बिघडले असे न मानता प्रथम ही तपासणी करावी.

लक्षणावरून कारणाकडे

स्क्रीड सतत वर-खाली डुलत असेल, तर नियंत्रकाची संवेदनक्षमता वाजवीपेक्षा जास्त ठेवलेली असते किंवा सेन्सराची बैठक सैल झालेली असते. स्क्रीड फार उशिरा प्रतिसाद देत असेल, तर संवेदनक्षमता कमी आहे अथवा झडपेत मळ अडकला आहे. रस्त्यावर ठराविक अंतरावर उंचवटे येत असतील आणि ते टिपर बदलण्याच्या जागांशी जुळत असतील, तर दोष नियंत्रणाचा नसून यंत्र थांबण्याचा किंवा टिपरच्या धक्क्याचा असतो. ऑगरपाशी मिश्रण कधी उतू जाते व कधी कमी पडते, अशा वेळी तेथील सेन्सर डांबराने माखला आहे काय ते पाहावे. कारण मिश्रण वाढले की स्क्रीड वर चढतो व घटले की खाली बसतो आणि पाहणाऱ्यास मात्र पातळीचा सेन्सर बिघडल्यासारखे वाटते. सकाळी ठीक चालणारे यंत्र दुपारी बिघडत असेल, तर उष्णतेने सैल होणारी जोडणी अथवा तापलेले वेटोळे शोधावे. खळग्यातून जाताना क्षणभर वीज जाऊन परत येत असेल, तर तार आवरणाच्या आत तुटलेली असण्याचा संभव अधिक. वीज चालू ठेवून जुडगा हळूहळू हलविला असता ती जागा सापडते.

एक उदाहरण

समजा, भालकी-हुमनाबाद परिसरात काम चालू असताना डाव्या बाजूचे भुजेचे टोक हलेनासे झाले. चालकाने स्वयंचलित नियंत्रण बंद न करता यंत्र थांबविले. झडपेची खुंटी दाबली असता सिलिंडर हलला. अर्थात तेलाचा दाब ठीक. डाव्या व उजव्या सेन्सरांची अदलाबदल केली. दोष डावीकडेच राहिला, म्हणजे सेन्सर निर्दोष. नियंत्रकाची आज्ञा तपासणीपुरती सलग 'वर' अशी ठेवून मीटर लावला, तेव्हा पेटीपाशी २४.६ व्होल्ट आणि झडपेच्या कनेक्टरपाशी केवळ १७ व्होल्ट दिसले. सुमारे साडेसात व्होल्ट वाटेत कोठे गेले? कनेक्टर उघडताच एका पिनेवर हिरवा गंज आढळला. पिना स्वच्छ करून कनेक्टर पुन्हा बसविल्यावर दाब २४ व्होल्टच्या वर गेला आणि टोक हलू लागले. एवढ्या तपासणीस अर्धा तास पुरतो. हाच दोष अंदाजाने शोधावयाचा म्हटले, तर आधी सेन्सर, मग झडप, मग नियंत्रक असे महागडे भाग बदलले जातात आणि शेवटी गंजलेली पिन जागच्या जागीच राहते.

टाळावयाच्या गोष्टी

वीज आली की नाही हे पाहण्यासाठी तारेची ठिणगी पाडण्याची जुनी सवय सोडून द्यावी. साध्या दिव्यांच्या काळात ती चालून गेली. आज त्या एका ठिणगीने नियंत्रक कायमचा निकामी होऊ शकतो, आणि गॅसजवळ ती जिवावरही बेतेल. इलेक्ट्रॉनिक भागांवर दिवा जोडून चाचणी न करता डिजिटल मल्टिमीटर वापरावा. यंत्रावर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी व नियंत्रक यांच्या जोडण्या सोडवाव्यात आणि वेल्डिंगची परतीची तार कामाच्या अगदी जवळ लावावी. नियंत्रकाच्या पेट्यांवर व कनेक्टरांवर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. सुरक्षिततेचे बटण अथवा सेन्सर तात्पुरती तार जोडून कधीही निष्प्रभ करू नये.

आपले सहकार्य

ग्रामस्थांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी. काम चालू असताना रस्त्याच्या कडेने खुंट्यांवर ताणलेली बारीक तार ही यंत्राची मोजपट्टी आहे. गुरे तीत अडकली, मुलांनी ती ओढली अथवा कोणी तिच्यावर पाय दिला, तर यंत्र त्या वाकलेल्या तारेचेच अनुकरण करते. म्हणून ज्या दिवशी काम असेल त्या दिवशी गुरे दुसऱ्या वाटेने न्यावीत. तद्वतच ताजा रस्ता लाटांसारखा दिसत असेल, तर ग्रामपंचायतीमार्फत अभियंत्यांच्या नजरेस तो त्याच दिवशी आणून द्यावा. मिश्रण गरम असेतोवर दुरुस्ती सोपी असते.

क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी काम सुरू होण्यापूर्वी सेन्सरांची मापे जुळविल्याची खात्री करून घ्यावी. उताराचा सेन्सर किती दाखवितो आणि स्क्रीडवर ठेवलेली पाणसळ किती दाखविते, हे ताडून पाहण्यास काही मिनिटेच लागतात. कोणत्या मीटरपासून कोणत्या मीटरपर्यंत स्वयंचलित नियंत्रण बंद होते, याची नोंद कामाच्या वहीत असावी आणि तेवढा भाग ३ मीटर लांबीच्या सरळ पट्टीने काळजीपूर्वक तपासला जावा. यंत्रावरील दोषांची तारीखवार नोंदवही ठेवल्यास तोच दोष पुन्हा आला असता शोध अर्ध्यावर येतो. ही नोंद चालकाला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत अथवा कन्नडमध्ये असावी.

शिक्षकांचे कार्य याहूनही दूरगामी आहे. विज्ञानाच्या तासाला ओहमचा नियम, ध्वनीचा वेग आणि उताराची टक्केवारी शिकविताना गावच्या रस्त्यावरील यंत्राचे उदाहरण दिल्यास विद्यार्थ्यांना तो धडा आपला वाटेल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत विजेचा अथवा डिझेल यांत्रिकाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या सीमाभागातील तरुणांना हे काम शिकून घेता येण्यासारखे आहे. मल्टिमीटर हाताळणारा, पुस्तिका वाचू शकणारा आणि मराठी व कन्नड या दोन्ही भाषा जाणणारा तंत्रज्ञ कामाच्या जागी उपलब्ध असेल, तर दूरच्या शहरातून येणाऱ्या माणसाची वाट पाहत टिपरांना उभे राहावे लागणार नाही.

रस्त्यावर खर्च होणारा पैसा जनतेचा आहे. गंजलेल्या एका पिनेमुळे तो वाया जाऊ नये, यासाठी मोठ्या खर्चाची नव्हे, तर शिस्तीची आवश्यकता आहे. लक्षण नेमके सांगणे, क्रमाने तपासणे, दोष झाकून काम न रेटणे आणि केलेल्या दुरुस्तीची नोंद ठेवणे, एवढ्या चार गोष्टी पाळल्या गेल्या, तर सीमेच्या अलीकडील व पलीकडील गावांना जोडणारे हे रस्ते अनेक पावसाळे टिकतील यात शंका नाही.